श्यामलक्कांना पाटावरून उठायचं होतं

कमरीपेठेतल्या निम्म्या पोरांना श्यामलक्कांनी न्हाऊ घातलंय. पाटावर बसायचं, पाय लांब पसरायचे, नडग्यांवर बाळ घालून तेलानं रगडायचं, पाणी ओतायचं आणि भोकाड पसरलेलं ते निसरडं गाठोडं छातीशी धरून एका दमात उठायचं. किराणा दुकान सांभाळून त्या हे करायच्या, आणि वर तोंडानं पोराच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार, अर्धा मराठीत, अर्धा कन्नडात.

मग गेल्या दिवाळीत त्या मोरीत घसरल्या. मनगट मोडलं. हाड जुळलं, पण घरची माणसं बिथरली. मायेपोटीच हो, वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. मुलगा रोहित पोतं सोडाच, साखरेची पुडीही उचलू देईना. सून सोनाली पाण्याचा तांब्या हातात आणून देई. गिऱ्हाइकंसुद्धा "कूडरी अक्का, कूडरी" म्हणत त्यांना बसवून ठेवत. घरातल्या मोठ्या बाईला काम पडलं तर लोक काय म्हणतील, ही आपली समजूत! चार महिन्यांत अक्कांच्या मांड्या गळाल्या. जमिनीवरून उठायला दोन माणसं लागू लागली. झोप उडाली, आणि पडण्याची अशी धास्ती बसली की घरातल्या घरात त्या भिंत धरून चालायच्या.

सोनालीला आठवा लागला तसं रोहितनं बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला परस्पर वेणूबाई ठरवून टाकली.

"माझ्या नातवंडाला परकी बाई?" अक्का म्हणाल्या.

"आई, बाळ घेऊन पडलात तर?" सोनाली हळूच म्हणाली. अक्का पदर तोंडाला लावून रडल्या.

दुसऱ्या दिवशी मनगट दाखवायला गेल्या तेव्हा फिजिओथेरपिस्ट प्रियापुढे त्यांनी सगळं ओकून टाकलं. ही पोरगी भलती तिखट. "हाड केव्हाच जुळलंय, अक्का. बसवून ठेवल्यानं अंग गेलंय तुमचं. वजन उचललं नाही तर ताकद येणार कुठून?"

"अगं, एकसष्ट पूर्ण झाली मला!"

"मग? स्नायू काय जन्मदाखला मागतात?"

आधी खुर्चीवरून हात न टेकता उठबस. मग भिंतीला रेटणं. मग वजन. दुकानातली लोखंडी वजनं इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून फळीखाली पडून होती. त्यातलं एक किलोचं टॉवेलात गुंडाळून छातीशी धरायचं आणि उठायचं, एक दिवसाआड, हळूहळू वाढवत. पहिल्या आठवड्यात मांड्या अशा भरून आल्या की अक्कांनी प्रियाला मनसोक्त शिव्या घातल्या. रोहित वजन काढून घ्यायला धावला की त्या डाफरत, "हात लावून तर बघ!"

दीड महिन्यात झोप लागू लागली. भूक लागली. भिंत सुटली. आणि 'आता आपलं संपलं' ही डोक्यातली भुणभुण कधी थांबली, ते त्यांनाही कळलं नाही. पाटावरून पाच किलो घेऊन उठायला मात्र तीन महिने लागले. तोवर नात सव्वा महिन्याची झाली होती. वेणूबाई तिला न्हाऊ घालायची आणि अक्का दारातून बघायच्या. जीव नुसता तुटायचा.

एका सकाळी त्यांनी पदर खोचला. "वेणूबाई, उठा बघू."

त्या पाटावर बसल्या. पाच किलोचं गाठोडं घेऊन उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. सलग दहा वेळा. मग पाय पसरून म्हणाल्या, "आण तिला."

सोनालीनं रोहितकडे पाहिलं, वेणूबाईकडे पाहिलं, आणि बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं.

पोरीनं मोरी डोक्यावर घेतली. अक्कांनी रोहितच्या सासरचा यथास्थित उद्धार केला. न्हाऊन झालं. रोहित हात पुढे करून वाकला, "दे, मी घेतो."

"सरक." अक्कांनी नातीला छातीशी धरलं, एक पाय रोवला आणि उठल्या.

टॉवेल बाळावर टाकत सोनाली म्हणाली, "वेणूबाई, उद्यापासून फक्त माझ्याच अंगाला तेल लावायला या."