फोटो न काढलेल्या आबांची तसबीर

माझ्या नातीला क्लाससाठी ॲक्रिलिकचे रंग लागतात. ट्यूब पिळायची, ब्रश पाण्यात बुडवायचा, आणि चहा होईपर्यंत चित्र वाळून तयार. परवा ती मला म्हणाली, "आजोबा, सध्या मी वेगवेगळ्या स्टाइल्स करून बघतेय. माझ्या माझ्याच." मी म्हटलं, बघ. मीसुद्धा माझ्या माझ्याच बघितल्या होत्या. काटेवाडीला, गोठ्याला लागून असलेल्या खोपटात. माझ्या प्रत्येक स्टाइलला गावानं मनापासून नावं ठेवली.

एकोणीसशे पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. मी बारामतीला मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि सायकलवर जाऊन येऊन होतो. ट्यूब नावाची वस्तू मी पाहिली नव्हती. माझे रंग किराणा दुकानातून येत. गेरू, पिवडी, नीळ, सफेदा. काजळी घरचीच. घाई असेल तर ते डिंकाच्या पाण्यात कालवायचे आणि दिमाख करायचा असेल तर जवसाच्या तेलात. तेलातला रंग वाळायला आठवडा घेई. तोवर गोठ्यातल्या माशा त्यावर बसत आणि काही तिथंच कायमच्या राहत. कॅनव्हास म्हणजे खळ लावून चौकटीवर ताणलेलं मांजरपाट.

गुरू म्हणाल तर बारामतीच्या रद्दीवाल्याकडे मिळालेलं एक बिनकव्हरचं इंग्रजी पुस्तक. त्यात युरोपातल्या झाडून सगळ्या शैल्या होत्या. एक ठिपक्यांची, एक चौकोनांची, एक अशी की तिच्यात माणसाचं तोंड हिरवंनिळं. तोंड हिरवंनिळं होतं हे मला खाली लिहिलेलं वाचून कळलं, कारण पुस्तकातली सगळी चित्रं काळीपांढरी होती. युरोपनं रंगात केलेली सगळी क्रांती मी अशी काळ्यापांढऱ्यात शिकलो, आणि त्याबद्दल मला तेव्हा अजिबात शंका आली नाही.

मला मुंबईला चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. वडिलांना मी नव्या साखर कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावर कारकून व्हायला हवा होतो. "बैलगाडीच्या साट्यावर नंबर लिहायला मुंबई कशाला लागती?" एवढंच ते विचारत. चित्रकला याच्या पलीकडे जाते असं त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

अशात भावकीतल्या आबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं. आबा म्हणजे वडिलांचे चुलते. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं ते मानत, त्यामुळे त्यांनी जन्मात फोटो काढून घेतला नाही. भरपूर जगले, म्हणजे त्यांचं म्हणणं खरं असावं. पण आता घराच्या पुढच्या सोप्यात तसबीर लावून हार घालायचा तर घालायचा कशाला, असा पेच पडला. आबांचे दोन मुलगे, मी त्यांना तात्या आणि अण्णा म्हणत असे, वडिलांकडे आले. पोरगा रंगवतो तर त्याच्याकडनं काढून घेऊ, म्हणाले.

वडिलांनी तिथंच अट घातली. "तसबीर बघून चुलती 'व्हय, हेच' म्हणाली तर ह्यानं मुंबईला जावं. न्हाय म्हणाली तर काट्यावर. आख्ख्या गावात ती एकटी म्हातारी खोटं बोलत न्हाय." चुलती म्हणजे आबांची बायको, माझी चुलत आजी. माझं सगळं आयुष्य तिच्या दोन शब्दांवर टांगलं गेलं आणि ती तिकडे आपल्या घरी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिला काही विचारावं हे कोणाला सुचलं नाही.

आबांना मी पाहिलेलं होतं, पण पाहिलेलं माणूस आठवायला बसलं की मिशीखेरीज काही हाताला लागत नाही. मी पुस्तक उघडलं. आधी ठिपक्यांची शैली. आबांचा चेहरा मी पिवडी आणि गेरूच्या ठिपक्यांनी भरून काढला. लांबून पाहिलं की ठिपके एकमेकांत मिसळतात असं पुस्तक म्हणत होतं. अण्णा जवळून पाहत होते. "आबांना देवी आल्या हुत्या, हे तुला कुणी सांगितलं?" ते म्हणाले.

मग चौकोनांची शैली. ते चित्र तात्यांनी आडवं धरलं, उभं धरलं. "ह्यात आबा कंचं आन् गुळाच्या ढेपा कंच्या?" मी त्यांना समजावून सांगितलं की एकाच वेळी नाक समोरून आणि बाजूनं दिसतं. ते म्हणाले, एका वेळी एकदाच दिसू दे, त्यात आमची हरकत न्हाय.

हिरवानिळा चेहरा पाहून मात्र दोघेही दुखावले. साप चावलेलं माणूस निळं पडतं हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. "आबा तापानं गेलं," अण्णा म्हणाले, "पान लागून न्हाय."

समाज थोर कलावंताची हेटाळणी करतो, असं पुस्तकात होतंच. ते वाचून मला बरं वाटे. पुस्तकातले कलावंत उपाशी राहत, एवढाच फरक. मला दोन्ही वेळेला भाकरी आणि वांग्याचं कालवण मिळत होतं.

शेवटी दोघा भावांनी कारभार हातात घेतला. आबांचं नाक आपल्याला आलंय असं तात्यांचं म्हणणं, म्हणून नाकासाठी ते बसले. कान अण्णांचे घेतले, कारण नाक तात्यांचं घेतल्यावर त्यांना काहीतरी द्यायला हवं होतं. आबा जन्मभर बंडी घालून वावरले, पण तसबिरीत त्यांना तात्यांच्या लग्नातला कोट चढवला. पटका काढून गांधी टोपी घातली, कारण कारखान्याचे लोक श्राद्धाला यायचे होते. मागे ट्रॅक्टर हवा म्हणाले. ट्रॅक्टर आबा गेल्यावर आला होता. "असू दे की," अण्णा म्हणाले, "त्यास्नी बघायला मिळंल."

श्राद्धाला आठवडाभर उरला असताना तसबीर सोप्यात भिंतीला टेकवून ठेवली. वडील आले. आजीला बाहेर बोलावलं. ती उंबऱ्याशी आली, चित्राकडे एकदा पाहिलं, आणि झटक्यात पदर पुढं ओढून भिंतीच्या आडोशाला झाली.

सगळे खूश. नवऱ्यासमोर ती नेहमी अशीच आडोशाला व्हायची. "वळाकलं," तात्या म्हणाले, आणि हार कुठं अडकवायचा ते बघायला लागले. वडिलांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी मनातल्या मनात मुंबईला पोचलो होतो.

तेवढ्यात आजीनं अण्णांना हळूच हाक मारली. "पाव्हणं कुठलं म्हणायचं? च्या टाकू का?"

परपुरुषासमोरही ती असाच पदर ओढायची, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वडील वहाणा घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी आजीकडे गेलो. ती परसात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी रडकुंडीला आलो होतो. म्हटलं, आजी, तूच सांग, आबा दिसायला कसे होते.

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "मला काय ठावं बाळा."

मला वाटलं, चेष्टा करतेय. ती मुळीच चेष्टा करत नव्हती. सासू-सासऱ्यांच्या घरात दिवसा नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची रीत नव्हती. वाढताना खाली मान. रात्री दिवा मालवलेला. "सासू गेली तवर सवंच पडली. मग मान वर करायची बी लाज वाटाय लागली." भूक लागल्याचं सांगावं इतक्या सरळपणे तिनं हे सांगितलं.

मग तीच म्हणाली, "पाठ इचार. पाठ सांगते."

दरसाल दोघं चालत नरसिंहपूरला जात. इंदापूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी संगमावर अंघोळ, नरसिंहाचं दर्शन. आबा पुढं, ती मागं. वाटेत वळून बघायची आबांना सवय नव्हती. मागून माणूस येतंय हे त्यांनी धरूनच चाललेलं असे. "डावा खांदा उतरता. पटक्याचा शेव मानंवर सुटल्याला. घाम आला की बंडीवर मधोमध वल्ला डाग पडायचा, खालनं निमुळता. घोंगडी उजव्या अंगाला. चालताना डावा पाय जरासा बाहीर टाकायचं." ती बोलत होती आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

मी घरी येऊन डिंकात रंग कालवले. तेल वाळायला वेळ नव्हता. पुस्तक उघडलंच नाही. धुळीची वाट, दोन्ही बाजूंना बाभळी, आणि पुढं चाललेला एक पाठमोरा म्हातारा. कोणत्या शैलीत काढलं म्हणाल तर मला आजही सांगता येत नाही.

तात्यांनी ते पाहून कपाळाला हात लावला. "आरं पर गंध कुठं लावायचं? पाठीला?" अण्णांचं म्हणणं, पाहुणे समजतील आबा पोरांवर रुसून चाललेत. सोप्यात कोटवालेच आबा लागले. श्राद्धाला कारखान्याचे लोक आले, हात जोडून म्हणाले, हुबेहूब. त्यांच्यातल्या एकानंही आबांना पाहिलेलं नव्हतं. दोन-तीन वर्षांत अख्खं गाव हुबेहूब म्हणायला लागलं.

श्राद्ध उरकल्यावर पाठमोरे आबा मी वडिलांना बरोबर घेऊन थेट आजीच्या स्वयंपाकघरात नेले. तिनं हात पुसले. चित्र चुलीजवळच्या कोनाड्याला टेकवलं. या वेळी तिनं पदर ओढला नाही. उभी राहून बघत राहिली, इतका वेळ की तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

"व्हय," ती म्हणाली. "हेच."

वडिलांनी भाकरी तव्यावरून उतरवली. चुलीपुढचं काम करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. "जा मग," ते मला म्हणाले. "पाठ काढून मुंबईला जाणारा तू पयलाच असशील."

मी चौकट टांगायला खिळा शोधत होतो. आजी अजून चित्रापुढेच होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाळा, आता ह्यास्नी जरा वळीव की माझ्याकडं."

वडील बाहेर निघून गेले. मी खिळा शोधायचं थांबवलं. म्हटलं, आजी, तेच शिकायला तर मुंबईला चाललोय.

"शिकून ये मग," ती म्हणाली. "मी हितंच हाय."

मुंबईत मला पुष्कळ शिकवलं. प्लॅस्टरच्या पुतळ्यांची नाकं शिकवली, हाडं शिकवली, ठिपके आणि चौकोन रंगीत छापलेल्या पुस्तकांतून नीट शिकवले. सुट्टीत गावी आलो की आजी पहिल्यांदा तेच विचारायची, "आलं का?" मी सांगायचो, अजून न्हाय आजी, ते शेवटच्या वर्षाला असतंय. ती मान हलवायची. शिक्षणातलं आपल्याला काय कळतंय, असं तिला वाटत असावं. माझं शेवटचं वर्ष लागण्याआधीच ती गेली.