अडीच फुटांची पेटी

मला जागेपणी स्वप्नं बघायची खोड आहे आणि ती फौजेनं लावली. लग्नानंतरची सहा वर्षं आम्ही एका क्वार्टरमधून दुसऱ्या क्वार्टरमध्ये हिंडत होतो. दुपारी भांडी आवरली की मी दारात बसायची आणि साताऱ्यात कधीतरी होणाऱ्या घराच्या भिंती मनातल्या मनात उभ्या करायची. हे, म्हणजे माझे यजमान, फौजेच्या गाड्या दुरुस्त करायचे. बदलीचा हुकूम आला की काळ्या ट्रंका बाहेर निघायच्या. एका कडीला हे, दुसरीला मी. एकमेकांकडे बघून मान हलवायची आणि उचलायचं. बाहेर ट्रक उभा असायचा.

पुढे मुलांच्या शाळा आल्या आणि मी साताऱ्यातच राहिले. घर बांधलं, मुलांना मोठं केलं, दोघं शिकायला पुण्याला गेली. हे रजेवर यायचे आणि रजा संपली की जायचे. आमच्याकडे निघालेल्या माणसाला ‘जाऊ नका’ म्हणत नाहीत. हुकूम आहे म्हटल्यावर म्हणून तरी काय होणार? ‘पोचल्यावर फोन करा’ म्हणायचं आणि डब्यात दोन चपात्या जास्त घालायच्या. सासूबाईंनी तेच केलं, मीही तेच केलं.

गेल्या वर्षी हे रिटायर होऊन आले. घराला शटरचं गॅरेज होतं, ते यांच्याच हौसेनं बांधलेलं. दुरुस्तीची हत्यारं मात्र गोणपाटात आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यांत पडलेली. एक दिवस हातात टेप घेऊन गॅरेजमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, “हत्यारांना पेटी घ्यावी म्हणतो. कुठं ठेवू?”

मी कोपरा दाखवला. “तिथं अडीच फूट जागा हाय. माझ्या ज्वारीच्या कोठ्यांना हात लावायचा न्हाई.”

त्याच आठवड्यात यांच्या जुन्या दोस्ताचा फोन आला. लांब कुठल्यातरी डोंगरात बोगद्याचं काम, तिथल्या मशिनरीची देखभाल, दोन वर्षं. हे मला चहा पिता पिता सांगत होते, पावसापाण्याचं बोलावं तसं.

“मग काय म्हणाला तुमी?”

“बघू म्हणालो. आधी पेटी बघू.”

त्या क्षणापासून माझा जीव टांगणीला लागला. विचारायचं धाडस नव्हतं, पण मनाशी एक ठरवून टाकलं. पेटीच काय ते सांगेल. उचलून नेण्यासारखी घेतली, तर माणूस चालला. न हलणारी घेतली, तर राहिला.

साताऱ्यातल्या दुकानात एक लालभडक, माझ्या खांद्याएवढी उंच पेटी होती. दुकानदारानं खण ओढला, तो आवाज न करता बाहेर आला. मी बघत राहिले. एका खणात पाने, दुसऱ्यात पकडी, तिसऱ्यात कानशी. गॅरेजच्या दारात शेजाऱ्यांची बंद पडलेली स्कूटर, पाठमोरे वाकलेले हे, आणि स्वयंपाकघरात मी खण उघडल्याचा आवाज ऐकत पोळ्या लाटतेय. एवढं सगळं मला त्या एका खणात दिसलं. भानावर आले तेव्हा हे पलीकडच्या एका छोट्या पेटीची कडी धरून माझ्याकडे बघत होते. माझा हात आपोआप दुसऱ्या कडीला गेला. मान हलली. पेटी उचलली.

“बरी हाय,” हे म्हणाले. “दोघांत उचलती.”

मी कडी सोडून दिली. “रंग बरा न्हाई,” मी म्हटलं.

“हत्याराच्या पेटीचा रंग बघत्यात व्हय गं?”

“मी बघते.”

पुढच्या दुकानात मला कुलूप आवडलं नाही. त्याच्या पुढच्या दुकानात पत्रा पातळ वाटला. तिथल्या मालकानं मला विचारलं, ताई तुमचं वर्कशॉप कुठं आहे. हे बाहेर येऊन पोट धरून हसले. मला रडू येत होतं.

शेवटी कुणीतरी सांगलीत माधवनगरजवळच्या एका कारागिराचं नाव सांगितलं. हवं त्या मापात करून देतात म्हणाले. आम्ही सकाळीच निघालो. कराडच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस, त्याच्यावर पातळ धुकं, आणि पुढे उसाची ट्रॉली असल्यामुळे गाडी चालली होती रमतगमत. काचेला डोकं टेकून मला वाटत होतं, ही ट्रॉली बाजूलाच होऊ नये, सांगली येऊच नये. असंच दोघं तिच्या मागे मागे जात राहिलो असतो तर माझी काही तक्रार नव्हती.

कारागीर सत्तरीचे, पांढऱ्या दाढीचे. त्यांचे वडील गिरणी कामगारांच्या ट्रंका बनवायचे. गिरण्या थांबल्या, या कारागिरांचा पत्रा वाजत राहिला. छपराला भोकं होती, त्यांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. बसल्या बसल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुमच्याकडं पाणी कुठवर येतंय?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग लक्षात आलं, पुराचं विचारताहेत. सांगलीच्या माणसाला पेटी करायची तर आधी हेच विचारावं लागतं.

“आमी साताऱ्याचं, चाचा. घर चढावर हाय,” हे म्हणाले.

“मग उंच पाय नकोत. माप सांगा.”

“अडीच फूट. दोन्ही अंगाला कड्या.”

“आन् हत्यारं कंची कंची?”

हे सांगायला लागले. लहानापासून मोठ्यापर्यंतचे पाने, तीन हातोड्या, बर्फात हाताला चिकटलेली पकड, एका सरदारजी उस्तादांनी निवृत्त होताना दिलेली कानस. रिटायर झाल्यापासून घरात जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या पत्र्याच्या शेडमध्ये बोलले. डोळे चमकत होते. मी ऐकत होते आणि यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

चाचांनी पेन्सिल कानाला लावली आणि हसले. “फौजी, एवढा संसार अडीच फुटात कसा बसवू? आन् कड्या कशाला? पेटी जायाची हाय कुठं?”

मला राहवलं नाही. “पेटी कुठली जातीया? ह्यांनाच जायाचंय,” मी फटकन बोलले. आणि मग, बावीस वर्षांत कुठल्याच स्टेशनवर जे म्हटलं नव्हतं ते एका परक्या माणसासमोर तोंडातून निघालं. “तुमी जाऊ नका. आता जाऊ नका.”

चाचा पत्रा आणायच्या निमित्तानं मागे गेले.

हे माझ्याकडे वळले. “अगं, अडीच फूट तूच सांगितलंस,” हे हळूच म्हणाले. “घरात कुठं काय ठेवाया जावं तर तिथं तुझं कायतरी असतंय. दाढीचा आरसा तीनदा हलवला मी. मला वाटलं, तुला माझी अडचण होतीया.”

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. एवढी वर्षं मी घराची स्वप्नं बघितली, आणि त्या प्रत्येक स्वप्नात हे फाटकात बॅग घेऊन उभे असायचे. नुकतेच आलेले, रजेवरचे. मी धावत जाऊन फाटक उघडायची. त्यांना त्या घरात राहताना मी कधी बघितलंच नव्हतं. त्यांच्यासाठी झुरले खरी, पण त्यांना जागा करायची राहून गेली.

डोळे पुसून मी चाचांना हाक मारली. “अख्ख्या भिंतीच्या मापाची करा. कड्या नकोत.”

“भिंत किती हाय?”

ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. कोठ्यांमागची ती भिंत कुणी मोजलीच नव्हती. चाचा म्हणाले, “जावा, मोजून या. मी कुठं पळून जातोय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गॅरेज रिकामं करायला काढलं. ज्वारीच्या कोठ्या, शिलाई मशीन, मुलांचे पाळणे, पापड वाळवायचे पत्रे. अंगण भरून गेलं, तरी आतलं संपेना. एवढ्यात यांचा फोन वाजला. तोच दोस्त होता. मी हातातला डबा तसाच धरून उभी राहिले.

“न्हाई जमायचं गड्या,” हे म्हणाले. “घरी काम निघालंय.”

किती दिवसांचं, असं पलीकडून विचारलं असावं. यांनी अंगणातल्या पसाऱ्यावरून नजर फिरवत माझ्याकडे बघितलं.

“लय दिवसांचं हाय.”