काचेवरची लाल रेघ

जालन्याच्या एमआयडीसीत पाण्याचे पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. डिप्लोमा झालेला, खिशाला दोन पेनं आणि डोकं कायम तापलेलं. पाइपाची दोन्ही तोंडं टोपणानं बंद करून आत पाण्याचा दाब द्यायचा आणि तो टिकतो का बघायचं, हे काम मंठ्याहून येणाऱ्या एका चाचांकडे होतं. चाचा आकडे बघत बसायचे नाहीत. दाब दाखवणाऱ्या मीटरच्या काचेवर दीडशे पौंडांपाशी त्यांनी मुलीच्या नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली होती. ती नेमकी वर, मधोमध यायची. काटा सरळ उभा राहिला की पंप बंद. मला हा अडाणीपणा वाटायचा आणि मी चारचौघांत तसं म्हणायचोही.

एक दिवस ते मीटर फुटलं. स्टोअरमधून आलेलं नवं मीटर पौंडाचं नव्हतं, किलोचं होतं. चाचा नेलपॉलिशची बाटली घेऊन माझ्याकडे आले.

"साब, दीडशे पौंडाचे किलो किती व्हत्यात? निशान कुठं मारू?"

गेटवर माल भरायला ट्रक उभा होता आणि मालकाचा फोन चालू होता. हे वजनाचे नव्हे, दाबाचे किलो-पौंड; पौंड चौरस इंचावरचा, किलो चौरस सेंटिमीटरवरचा. एका किलोत चौदा पौंडांहून थोडे जास्त, एवढा एक भागाकार करायचा होता. मी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"उगं डोकं खाऊ नका, चाचा. होती तिथंच मारा."

त्यांनी मारली. नव्या मीटरवर त्या जागी वीस किलो होते. म्हणजे जवळजवळ दुप्पट दाब. काटा उभा राहायच्या आतच टोपण उडालं आणि चाचांच्या उजव्या मनगटाचा चुरा झाला.

चौकशीत मालकांनी विचारलं, "रेघ कुणी मारली?"

"म्या मारली," चाचा म्हणाले. हात गळ्यात बांधलेला होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून ते थांबले असावेत. मी अहवाल लिहीत राहिलो. 'कामगारास एककांचे ज्ञान नाही' हे वाक्य माझंच, माझ्याच अक्षरातलं. चाचांना घरी बसवलं. मला भिंतीवर पौंड-किलोचा तक्ता लावायला सांगितलं. तो मी सुबक लावला, त्याबद्दल शाबासकीही घेतली. आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

मागच्या वर्षी मंठ्याच्या बसस्टँडवर ते दिसले. डाव्या हातानं चहा पीत होते. मी तोंड चुकवून निघणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. घरचं विचारलं, माझ्यासाठी चहा सांगितला. मग म्हणाले, "साब, त्ये राहूनच गेलं बगा. दीडशे पौंडाचे किलो किती?"

"साडेदहा," मी म्हणालो.

"बस? यवढंच व्हतं?"

चहाचे पैसेही त्यांनीच दिले.