रुग्ण व्हायला आलेल्या काकू

नर्सिंग कॉलेजात आमचा सराव एका रबरी पुतळ्यावर चाले. सुया टोचा, अंग पुसा, तो हूं की चूं करत नसे. एकदा मॅडमनी त्याच्या जागी आजारी माणसाचं सोंग करायला कसबा पेठेतल्या एक काकू आणल्या. काकूंनी चपला कॉटखाली नीट जोडून ठेवल्या, चष्मा उशाशी ठेवला आणि अगदी खऱ्यासारख्या कण्हू लागल्या.

अंग पुसायला आम्ही सवयीने सरळ त्यांची चादर ओढली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि कण्हणं थांबवून म्हणाल्या, "अहो सिस्टर, तुमच्या पुतळ्याला लाज नसेल, मला आहे. तो पडदा काय शोभेला लावलाय?"

आम्ही घाईघाईने पडदा ओढला. काकू समाधानाने पुन्हा कण्हू लागल्या.

त्या परत कधी दिसल्या नाहीत, आभार मानायचेही राहिले. ते मी आता वॉर्डात रोज पडदा ओढताना मानते.

परवा आमच्या वॉर्डातले एक आजोबा गेले. त्यांचं अंग पुसण्याआधी मी पडदा ओढला, तर नवी सिस्टर म्हणाली, "आता कशाला?"

म्हटलं, "आता त्यांना चादर धरून ठेवता येत नाही ना, म्हणून."