वकीलसाहेबांची दप्तरं

"तुला भाषणाला नाही, खुर्च्या लावायला बोलावलंय."

मराठी मंडळाचे अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाले. माझ्या हातातले दोन कागद घेतले, न वाचताच घडी घातली आणि माझ्याच खिशात कोंबले. त्यांच्या मुलीने विचारलं, "डॅडी, हू इज ही?"

"लेबर आहे, बेटा."

दुबईत अल कुसैसमधला भाड्याचा हॉल. नव्वदच्या दशकाची अखेर. मी बांधकामाच्या साइटवर शटरिंगचा, स्लॅबचे साचे ठोकणारा सुतार. कार्यक्रम आमच्याच तालुक्यातल्या एका जुन्या वकिलांवर. शंभर वर्षांपूर्वी ते खोतांविरुद्ध कुळांचे खटले लढले, मग वकिली सोडून राजकारणात गेले, सरकारच्या कायदे कौन्सिलात बसले. माझे पणजोबा त्यांची दप्तरं डोक्यावर घेऊन घाट चढायचे. घाबरलेले साक्षीदार गावोगाव फिरून गोळा करायचे. वडिलांना याचा केवढा अभिमान! त्यांनी फोनवर सांगितलं, मी लिहून घेतलं. तेच ते कागद.

मी खुर्च्या लावल्या. मागे उभा राहिलो. वक्ते म्हणाले, "ते एकटे लढले." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सवयीने.

शुक्रवारी वडिलांना फोन केला.

"बोललास रे?"

"हो, बाबा."

"माझ्या आजाचं नाव घेतलंस?"

"घेतलं. लोक उभे राहिले."

ते रडायला लागले. दोन महिन्यांनी गेले. पासपोर्ट कंपनीकडे, सुट्टी नाही. मला अग्नी देता आला नाही. माझं खोटं तेवढं त्यांच्याबरोबर गेलं.

मग आत्याने फोनवर सांगितलं, "अरे, वकिलांनी आमच्या आजाला कधी ओटीवर चढू दिलं नाही. कौन्सिलात गेल्यावर तर ओळखही दिली नाही. दादा हे कुणाला सांगायचा नाही. लाज वाटायची त्याला."

लाज आम्हाला!

पुढल्या वर्षी त्याच कार्यक्रमासाठी अध्यक्षांचा फोन. "यल्ला, चल, चारला ये. खुर्च्या लावायच्यात."

"लावायला येणार नाही. ऐकायला येईन."

गेलो. पहिल्या रांगेत बसलो. वक्ते म्हणाले, "एकटे," तसा उठलो. "खोटं आहे." पणजोबांचं नाव मोठ्याने घेतलं. ओटीचंही सांगितलं.

"खलास! पुरे झालं, खाली बस."

बसलो नाही. दोघांनी दंड धरून बाहेर काढलं. कुणीही उभं राहिलं नाही. ज्या बाबांनी ऐकायला हवं होतं, ते तर जगातच नव्हते.

आता कुणी मोठ्या माणसाचं चरित्र सांगायला लागला की मी विचारतो, त्याचं ओझं कुणी वाहिलं? नाव सांगा. नाव मिळेपर्यंत मी हटणार नाही.