खोर फक्कानची आहिलिमोहिली

दुबईहून खोर फक्कानला निघत असाल तर आज दीड-दोन तासांचं काम आहे. आम्ही गेलो ते साठच्या दशकात. तेव्हा तिथे रुपये चालायचे आणि रस्ता मात्र नव्हता.

माझ्याच पेढीवर कारकून असलेल्या हर्णैच्या दाऊदला खोर फक्कानला राहणाऱ्या त्याच्या हसनचाचांना आणायचं होतं. चाचांच्या मुलीचा, खतीजाचा निकाह ठरला होता, मुंबईची बोट चार दिवसांनी सुटणार होती आणि चाचांनी दोन पत्रांना उत्तर दिलं नव्हतं. मी सोबत गेलो तो डोंगरापलीकडच्या, पूर्वेच्या समुद्रात सूर्य उगवतो म्हणून. शाळेत पाठ केलेल्या कविता असल्या वेळी माणसाला घरी बसू देत नाहीत.

लँडरोव्हरमध्ये माणशी पंधरा रुपये. कोरड्या ओढ्याच्या पात्रातून, गोट्यांवरून दिवसभर हाडं खिळखिळी झाली. मसाफीला झऱ्याचं पाणी प्यायलो. इतकं गोड पाणी मी पुढे कुठे प्यायलो नाही. संध्याकाळी डोंगर सरले आणि खजुरींच्या मागे समुद्र दिसला, ओल्या पाटीसारखा करडा.

चाचा तीस वर्षं जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. आता किनाऱ्यावर त्यांची छोटी खानावळ होती. आल्या आल्या त्यांनी भाजलेला मासा वाढला आणि वर लाल चटणी ओतली. लसूण, मिरी, मीठ आणि भिजवून बिया काढलेली सुकी मिरची लाकडी खलात कुटायची, मग लिंबू पिळून ऑलिव्हचं तेल घालायचं. पोर्तो रिकोच्या बंदरात एका खानावळवालीने शिकवलेली. तिकडे मिरची गोडसर असते म्हणे. नाव आहिलिमोहिली. मी ते कवितेच्या ध्रुवपदासारखं दोनदा म्हणून पाहिलं, तर चाचा म्हणाले, "मास्तर, आधी जेवा."

दाऊदने निकाहाचा विषय काढला. चाचा म्हणाले, पैसे पाठवतो, माझं काय काम? बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर खरं बाहेर आलं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी गलबतातून याच चटणीच्या दोन बाटल्या घरी पाठवल्या होत्या. पोचेपर्यंत महिना गेला, बुचं उडाली. घरून पत्र आलं, वास सुटला होता, ओतून दिली. त्यानंतर चाचा हर्णैला गेलेच नाहीत.

"माझ्या हातचं घरात कोणाला नको," ते म्हणाले.

दाऊद हसायला लागला. "चाचा, तीस वर्षं भंडारी तुम्ही, नि कच्ची लसूण बाटलीत भरून महिनाभर उन्हात पाठवलीत? ही पाठवायची चीज आहे होय? हिच्यासाठी करणारा हातच घरी न्यायला लागतो."

चाचांनी ताटं उचलली, खल धुतला. सकाळी मी सूर्य पाहून परतलो, तर तो खल लुंगीत गुंडाळून लँडरोव्हरमध्ये ठेवलेला होता आणि चाचा ड्रायव्हरशी भाड्यावरून भांडत होते.

आता मी पुण्यात आहे. तिकडच्या उंच इमारतींचे फोटो नातवंडं दाखवतात. माझ्याकडे त्या प्रवासाचा एकही फोटो नाही, फक्त कृती आहे. करून बघा, पण मिक्सरमध्ये नको.

निकाहानंतर परतलेल्या दाऊदने सांगितलं ते मात्र जसंच्या तसं आठवतं. चाचांनी चुलीपाशी बसून चटणी कुटली आणि खतीजाला पहिला घास दिला. ती म्हणाली, "अब्बा, मीठ कमी आहे." तीस वर्षं मिठाबद्दल कप्तानाचंही ऐकून न घेतलेल्या त्या माणसाने मुकाट्याने मिठाचं भांडं लेकीपुढे सरकवलं.