घंटा थांबेपर्यंत

रस्ता रुंद करायचा म्हणून शहरातलं जुनं चर्च पाडलं. मनोरा तेवढा राहिला. तो पाडला असता तर शेजारची बँक कोसळली असती, हे खरं कारण. पाटीवर मात्र 'ऐतिहासिक वारसा'! मनोऱ्यातला घंटावालाही असाच मागे उरलेला.

लग्नात त्याची एक रीत ठरलेली होती. नवरी दारातून आत आली की दोर ओढायला लागायचं, झरोक्यातून खाली बघत राहायचं, आणि ती वेदीपाशी पोचली की घंटा थांबवायची. घंटा थांबली की बापाने लेकीचा हात सोडायचा. आता झरोक्यातून बसस्टॉप दिसायचा.

मग त्याच्याच लेकीचं लग्न ठरलं, दोन गल्ल्या पलीकडच्या नव्या चर्चमध्ये. तिथे घंटाच नाही.

"माझ्या पोरीचं लग्न बिनघंटेचं? छे! मी मनोऱ्यात थांबतो," तो अडून बसला.

"आणि माझा हात कोण धरणार? बँकेचा वॉचमन?" लेक कडाडली. तिची आई कधीच गेली होती. "घंटा नको बाबा, तुम्ही हवेत."

त्याला अन्न गोड लागेना. शेवटी त्याची थोरली बहीण बाह्या सरसावून म्हणाली, "मी ओढते दोर. आपले बाबा घंटा वाजवायचे तेव्हा त्यांनी मला कधी दोराला हात लावू दिला नाही, पण बघून बघून पाठ झालंय. दहा वाजले की सुरू करते."

लग्नाच्या दिवशी दहाला घंटा सुरू झाली. काय वाजवत होती ताई! लेकीचा हात धरून चालताना त्याचा ऊर भरून आला. दोघं वेदीपाशी पोचली. फादर घंटा थांबायची वाट बघत उभे राहिले. ती थांबेना. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सुरू कधी करायची ते ठरलं होतं. थांबवायची कधी, ते ताईला तिथून कळणार कसं?

जावई हात पुढे करून अवघडला. मागे खसखस पिकली.

"कुणाला पाठवू का सांगायला?" फादरनी हळूच विचारलं.

"पाठवा की. सावकाश जाऊ दे त्याला," म्हणत त्याने लेकीचा हात आणखीच घट्ट धरला.

"बाबा, आत्याचे हात भरून येतील हो," लेक म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती.

आजवर किती बापांना त्याने हात सोडायला लावलं होतं! वर दोर धरून उभं असताना यातलं काही म्हणता काही जाणवलं नव्हतं. त्याने डोळे पुसले आणि लेकीचा हात जावयाच्या हातात दिला. घंटा वाजतच होती.